जपानला जोडीनं जाताय? या चुका टाळा

ओळखीतलं कुणी जोडपं जपानला निघालं की कार्यक्रमाचा कागद घेऊन आमच्याकडे येतं. मी आणि नवरा चार वेळा जाऊन आलो, एवढंच त्याचं कारण. प्रत्येक कागदावर त्याच त्या चुका दिसतात, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

'व्हेज मिळतंच' असं समजून निघणं

नवऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. पहिल्या खेपेला क्योतोत चार दिवस आम्ही आनंदात जेवलो. सकाळी मिसो सूप, दुपारी उदोन म्हणजे जाड शेवया, रात्री तोफूचं काहीतरी. 'नो मीट, नो फिश' म्हणायचं, समोरचा मान हलवायचा, वाटीत मासा दिसायचा नाही. पाचव्या दिवशी एका बाईंच्या घरी जपानी स्वयंपाक शिकायला गेलो. त्यांनी कोम्बू, म्हणजे समुद्री शेवाळाची वाळवलेली पट्टी, पाण्यात भिजत घातली होती. पाणी तापलं, उकळी फुटायच्या आत पट्टी बाहेर काढली आणि त्यात मूठभर साली टाकल्या. रंधा मारल्यावर लाकडाच्या निघतात ना, तशा पातळ, गुलाबीसर. नवऱ्यानं विचारलं, हे काय? बाईंनी लाकडासारखा टणक तुकडा आणून हातात दिला. कात्सुओबुशी. बोनिटो मासा उकडून, धुरी देऊन, वाळवून तयार केलेला.

'हे कशाकशात घालता?' बाई बोटांवर मोजायला लागल्या. मिसो सूप, उदोनचा रस्सा, सोबाच्या शेवया बुडवायची त्सुयु, तळलेल्या तोफूवर ओततात तो रस, भाज्या शिजवायचं पाणी. चार दिवसांत आम्ही जे जे खाल्लं होतं, ते सगळं त्या यादीत होतं. नवरा काही बोलला नाही. त्या रात्री तो जेवला नाही, दुसऱ्या दिवशी नुसत्या फळांवर राहिला. बाई पुन्हा पुन्हा माफी मागत होत्या आणि त्यांची काहीच चूक नव्हती. नीट विचारायचं काम आमचं होतं.

कोम्बू आणि कात्सुओबुशीची चव उतरलेल्या त्या पाण्याला दाशी म्हणतात. आपल्याकडे फोडणी, तशी तिकडे दाशी. तिच्यावाचून स्वयंपाक सुरूच होत नाही. तुम्ही मांस-मासे नको म्हणता तेव्हा स्वयंपाकी तुकड्यांचा विचार करतो, पाण्याचा नाही. शिवाय दाशी बहुतेक ठिकाणी आधीच करून ठेवलेली असते. ऐनवेळी फोनमधलं भाषांतर उघडून गर्दीच्या काउंटरवर स्वयंपाक्यासमोर धरणं मला पटत नाही. त्याच्या हातात तेव्हा बदलण्यासारखं काही उरलेलंच नसतं.

मी जाडसर कागदावर जपानी लिपीत छापून घेतलेलं कार्ड पर्समध्ये ठेवते. वाचून दाखवायचं तर ते असं: 'निकु, साकाना, कात्सुओ-दाशी मो ताबेरारेमासेन. कोम्बू-दाशी वा दाइजोबू देस.' मांस, मासे आणि कात्सुओची दाशीही चालत नाही, कोम्बूची चालते. हे कार्ड दारातच दाखवायचं, खुर्चीत बसल्यावर नाही. समोरच्यानं दातांतून हवा आत ओढली आणि 'चोत्तो...' म्हणून वाक्य अर्धवट सोडलं, तर उत्तर 'नाही' असं आहे. आभार मानून निघायचं. 'तेवढं बाजूला काढून द्या' म्हणून हुज्जत घालणारी आपली माणसं मी पाहिली आहेत. पाण्यात उतरलेली चव बाजूला कशी काढणार?

आणि कोम्बूची दाशी म्हणजे दुय्यम तडजोड असं अजिबात समजू नका. 1908 साली किकुनाए इकेदा यांनी उमामी ही चव शोधली, ती या कोम्बूच्या पाण्यातूनच. ती चव खरी समजून घ्यायची असेल तर कोयासानला एक रात्र मुक्काम करा. कूकाई या भिक्षूनं 816 मध्ये वसवलेलं हे डोंगरावरचं मठांचं गाव. ओसाकाच्या नाम्बा स्टेशनहून नानकाई रेल्वे, वर केबल कार. मठात राहता येतं आणि तिथं शोजिन र्योरी जेवायला मिळतं: मांस नाही, मासा नाही, कांदा-लसूणही नाही. तिळाचा गोमा-दोफू, गोठवून वाळवलेला कोया-दोफू. जैन मंडळींनी मात्र कंदमुळांचं आधी कळवावं, मुळा आणि कमळकाकडी ताटात हमखास असते. नवरा तिथं पहिल्यांदा काही न विचारता जेवला. सूपची वाटी दोन्ही हातांत धरून किती वेळ बसला होता. तेव्हापासून आमची प्रत्येक खेप कोयासानपासून सुरू होते.

काही सापळे नुसतेच सांगते. ओकोनोमियाकी या कोबीच्या धिरड्यावर हलणाऱ्या साली म्हणजे तोच मासा. जपानी करीच्या तयार वड्यांत बऱ्याचदा प्राण्यांची चरबी असते. टेबलावरच्या सोया सॉसमध्येही दाशी असू शकते, म्हणून मी साध्या शोयूची, म्हणजे नुसत्या सोया सॉसची, लहान बाटली जवळ ठेवते. इझाकायात, म्हणजे तिथल्या पबमध्ये, न मागता येणारी छोटी वाटी, ओतोशी, बिलात लागते आणि तिच्यात अनेकदा मासा असतो.

एकमेकांना चॉपस्टिकनं घास देणं

नवी जोडपी हे हटकून करतात. एकानं आपल्या काड्यांनी तुकडा पुढे करायचा, दुसऱ्यानं आपल्या काड्यांनी तो झेलायचा. प्रेमानंच करतात, पण जपानमध्ये दहनानंतर घरची माणसं अस्थी याच तऱ्हेनं, एका काडीवरून दुसऱ्या काडीवर देत कलशात ठेवतात. भातात काड्या उभ्या रोवणं हेही मृताजवळ ठेवायच्या भाताचं लक्षण. पिंड काय असतो हे ज्या घरात ठाऊक आहे, तिथं हे वेगळं समजावायची गरज नाही. बायकोला चाखायला द्यायचं असेल तर छोट्या बशीत काढून द्या.

र्योकानला हॉटेल समजणं

भाची आणि तिचा नवरा हाकोनेला एका र्योकानमध्ये, म्हणजे पारंपरिक जपानी पद्धतीच्या मुक्कामाच्या घरात, उतरणार होते. मी बजावलं होतं, तीनला पोहोचा. त्या दिवशी सकाळी त्यांनी तोक्योत आणखी दोन ठिकाणं घुसडली आणि पावणेआठला दारात हजर झाले. जेवण सहाचं होतं. काइसेकीत, म्हणजे तिथल्या अनेक पदार्थांच्या जेवणात, प्रत्येक पदार्थ ठरलेल्या क्रमानं, ठरलेल्या गरमपणी समोर यायचा असतो. स्वयंपाकघर त्यांच्यासाठी थांबून राहिलं होतं, पण वाफवलेलं निवलं होतं आणि वाढणाऱ्या बाई धावपळीनं ताटं मांडत होत्या. पैसे पूर्ण गेले, त्याचं मला फार वाटत नाही. कुणीतरी दुपारपासून दोघांसाठी राबलं होतं, त्याचं वाटतं. एका दिवसात पाच ठिकाणं 'करायची' ही घाई मला कधीच समजलेली नाही. र्योकानचा दिवस म्हणजे फक्त र्योकानचा दिवस, आम्ही दुसरं काही ठेवत नाही.

तिथला दर बहुधा माणशी असतो, खोलीला नाही. गरम पाण्याची कुंडं बायका-पुरुषांची वेगळी आणि आत कपडे चालत नाहीत. दोघांना एकत्र हवं असेल तर 'काशिकिरी', म्हणजे ठरावीक वेळ फक्त तुमच्यासाठी राखलेलं कुंड, आधी सांगून ठेवा. पाण्यात उतरण्याआधी बसून, साबण लावून अंघोळ. युकाताची, म्हणजे तिथं घालायला देतात त्या सुती झग्याची, डावी बाजू उजवीवर. उलटी फक्त मृताला नेसवतात.

बाकीच्या, भराभर

रेल्वेचा सात दिवसांचा पास डोळे झाकून घेणं. ऑक्टोबर 2023 मध्ये तो 29,650 वरून 50,000 येनवर गेला. तोक्यो-क्योतो जाऊन-येऊन साधारण 28,000 लागतात. आधी बेरीज करा.

एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यात जाणं. मुलांच्या सुट्ट्या म्हणून आपण निघतो आणि तिकडे गोल्डन वीकची, म्हणजे त्यांच्या सलग सुट्ट्यांची, गर्दी असते.

मोठ्या बॅगा ओढत फिरणं. ताक्क्युबिननं, म्हणजे सामान पोचवणाऱ्या सेवेनं, पुढच्या हॉटेलवर पाठवा.

क्योतोतल्या निशिकी बाजारात चालता चालता खाणं. घेतलं त्या दुकानापाशी उभं राहून संपवा.

क्योतोतल्याच गिओन भागातल्या खासगी गल्ल्यांत फोटोसाठी शिरणं. दंड आहे आणि असायलाच हवा.

चहाच्या विधीला अनवाणी जाणं. स्वच्छ मोजे न्या. गोड आधी संपवायचं, मग माच्चा.

आणि पुणेकरांची एक चूक: ओकायामा गाडीच्या खिडकीतून पाहून पुढे हिरोशिमाला जाणं. सिंहगड रस्त्यावरची आपली पुणे-ओकायामा मैत्री बाग ज्या कोराकुएनच्या धर्तीवर आहे, ती मूळ बाग तिथं आहे, 1700 साली पूर्ण झालेली. क्योतोहून शिंकान्सेननं, म्हणजे बुलेट ट्रेननं, तासाभराचा रस्ता. आत हिरवळीच्या मधोमध भाताचं छोटं शेत आहे, चहाचा मळा आहे. आम्ही मळ्याजवळ बसून किबी-दांगो, म्हणजे तांदळाच्या पिठाचे गोड गोळे, खाल्ले. नवऱ्याला कार्ड काढावं लागलं नाही.