दानाची गोधडी, नाताळची सुट्टी आणि घरात एकटं माणूस: या चुका टाळा

नाताळच्या आठवड्यात मुलं पुण्याला नाहीतर परदेशात, शेजारचे पाहुण्यांत गुंतलेले, रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्यांची रांग. अशा वेळी कपाटातली जुनी पातळं काढावीत आणि कुणासाठी तरी गोधडी शिवावी, असं गोव्यात एकट्या राहिलेल्या बऱ्याच जणींना वाटतं. बेत उत्तम. तो फसतो बहुधा हाताच्या कसबामुळे नाही, घाईमुळे. "अगं, आधी विचारून तरी घे" असं म्हणणारं घरात कुणी नसतं ना!

कुणासाठी, हे न ठरवता कात्री लावणं

सगळ्यात जास्त कापड इथेच वाया जातं. वृद्धाश्रमातली आजी, बालगृहातलं पोर आणि बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) आपल्या माणसाजवळ रात्र काढणारा नातेवाईक, या तिघांना एकच गोधडी चालत नाही. नातेवाइकाला पिशवीत मावेल अशी पातळ हवी. चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्याला मांडीपुरती, ३६ × ४५ इंचांची पुरे, मोठी दिली तर कडा चाकात अडकते. आधी फोन करा आणि तीनच गोष्टी विचारा: जुनं कापड चालतं का, माप काय आणि धुणं कसं होतं. काही ठिकाणी फक्त नवं कापड घेतात. त्यात रागावण्यासारखं काही नाही, त्यांना स्वच्छता सांभाळायची असते.

दुसरी गोष्ट जाडीची. थंडी म्हटलं की कापूस किंवा फोम भरायचा मोह होतो. पणजीत डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा साधारण २० अंशांवर असतो, तिथे एवढं काय करायचंय? शिवाय पावसाळ्यात असली गोधडी चार-चार दिवस ओली राहते आणि तिला कुबट वास धरतो. तीन सुती थर पुरतात. साडेपाच मीटरचं पातळ मधोमध दुमडलं की ४५ इंच रुंद आणि सुमारे १०८ इंच लांब दुहेरी पट मिळतो. आत दुसऱ्या पातळाचा अर्धा भाग घालायचा आणि लांबी ९० इंचांवर आणायची. मोठ्या माणसाची गोधडी झाली.

कापड न तपासणं

जुनं पातळ खिडकीसमोर उजेडात धरा. बसण्याच्या जागी आणि निऱ्यांच्या दुमडीवर ते विरलेलं असतं, तिथून उजेड जाळीसारखा दिसतो. दोन्ही हातांनी हलकेच ताणा. "चर्र" झालं तर तो भाग आतल्या थरालाही नको, काढूनच टाका. सुती की टेरिकॉट ते ओळखायला कडेचा एक दोरा काढून, चिमट्यात धरून, मोरीवर जाळा: सुताला कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राख होते, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. टेरिकॉटमध्ये दोन्ही मिसळलेलं असतं, म्हणून खुणाही मिसळलेल्या दिसतात. लाल आणि मरून रंगांवर पांढरं ओलं फडकं घासून बघा. रंग लागला तर ते कापड बाजूला ठेवा, मिठाच्या पाण्यात भिजवून आजचे कच्चे रंग पक्के होत नाहीत. नवं सुती कापड असेल तर आधी धुवून वाळवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटतं आणि जुना थर फुगून राहतो.

जाता जाता एक: आजीची जुनी, खरी, हातमागावरची कुणबी साडी हाती लागली तर तिला कात्री लावू नका. तशी साडी पुन्हा मिळणं कठीण, गोधडीसाठी दुसरं कापड शंभर ठिकाणी मिळेल.

थर एकट्याने अंथरताना

खरी परीक्षा इथे आहे. दुसरं टोक धरायला माणूस नाही, म्हणून वरचा थर सरकतो आणि शिवून झाल्यावर पाठीमागे झोळ दिसतो. मग उसवा!

फरशी पुसून कोरडी करा. खालचा थर उलटा अंथरून एक कड फरशीच्या रेघेला लावा आणि कागदी चिकटपट्टीने चिकटवा. समोरची कड हलकी ताणून चिकटवा, मग उरलेल्या दोन. ताण ढोलाच्या कातड्याइतका नको, सुरकुती गेली की पुरे. मधला थर गुंडाळी करून एका टोकापासून उलगडत न्या, हाताने मधून कडेकडे सपाट करा. वरचाही तसाच. मग मधूनच सुरुवात करून, चार-चार बोटांवर लांब कच्चे टाके घाला. कच्च्या टाक्यांचा कंटाळा करून नुसत्या टाचण्यांवर भागवणाऱ्यांनाच पुढे उसवावं लागतं. टाचण्या वापरल्याच तर लावताना मोजा, काढताना पुन्हा मोजा, आकडा जुळेपर्यंत गोधडी घराबाहेर जाऊ देऊ नका.

गुडघे फरशीवर बसू देत नसतील तर सिद्दी बायकांची पद्धत बघा. गोव्याला लागून असलेल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूरकडे हे लोक राहतात. त्यांतल्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगीज काळात आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणलेले. त्यांची कवंदी, म्हणजे गोधडी, कडेपासून सुरू होते आणि धावदोरा फेर धरत मध्याकडे जातो. कापड मांडीवर घेऊन हे काम होतं. दोन्ही पद्धती मात्र एकाच गोधडीत नकोत. कडेकडून आणि मधून दोन्हीकडून शिवत आलात तर मधल्या पट्ट्यात फुगा उरतो.

दोरा बोटांपासून कोपरापर्यंत, म्हणजे १८ इंचांच्या आसपास. लांब घेतला तर वेळ वाचत नाही, गाठी वाढतात. दोन ओळींत तीन-चार इंचांपेक्षा जास्त अंतर ठेवलं तर धुतल्यावर आतला थर गोळा होतो.

मशीन रुसली तर

खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता झाला की सगळे बॉबिनला (खालच्या दोऱ्याच्या रिळाला) दोष देतात. बहुतेक वेळा चूक वरच्या दोऱ्याची असते. दाबपट्टी (सुईखाली कापड दाबून धरणारा पाय) वर उचलून दोरा पुन्हा ओवा. पट्टी खाली असताना ओवला तर तो ताणाच्या चकत्यांत बसत नाही. टाके सुटत असतील तर सुई बदला, तीन थरांना १६ नंबर लागते. वरचा थर पुढे सरकत असेल तर टाका लांब करा आणि पट्टीचा दाब थोडा सैल करा. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत बॉबिन केसला गंज लवकर चढतो. तेल घातल्यावर आधी चिंधीवर शिवा, पहिले काळे डाग तिथेच पडू देत.

तान्ह्या बाळासाठी शिवत असाल तर

बटणं, आरसे, गोंडे, मणी यांतलं काही नको. वर्षाच्या आतल्या झोपलेल्या बाळाच्या अंगावर सैल पांघरूण न घालण्याचा सल्ला डॉक्टर देतात, म्हणून गोधडी खेळायला अंथरण्याजोगी लहान शिवा आणि संस्थेला तसं सांगा. डांबरगोळ्या तर मुळीच नकोत. जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या रक्तातल्या लाल पेशी या गोळ्यांतल्या नॅफ्थलीनमुळे फुटू शकतात आणि कावीळ वाढू शकते.

एकटेपणाची गणितं

"नवीन वर्षापर्यंत पाच करते" असं संस्थेला कळवून बसू नका. हाताने शिवायची तर सुट्टीत एक नीट झाली तरी खूप. दोरे, सुया आणि एक जादा अंगुस्तान २३ तारखेलाच आणून ठेवा, नाताळच्या दिवशी दुकानं बंद असतात. रात्री गडद कापडावर शिवू नका. रात्रभर गाणी वाजत असतात, झोप येत नाही, म्हणून सुई हातात घेतली की टाके वाकडेच पडतात. तासाभराने उठा, मान सोडवा. शेजारून नेवऱ्या, दोदोल घेऊन कुणी आलं तर कापड बाजूला सारून त्यांना आत बोलवा, तेलकट हात मात्र गोधडीला लावू देऊ नका.

पोचवताना

शिवून झाल्यावर एकदा धुवा आणि दोन्ही बाजूंनी कडक उन्हात वाळवा. प्लॅस्टिकमध्ये बांधू नका, त्याच कापडाची पट्टी पुरते. आत चिठ्ठी ठेवा: कापड सुती आहे, गार पाण्यात धुवा. नाताळ ते नववर्ष कार्यालयात जबाबदार माणूस असेलच असं नाही, तेव्हा २ जानेवारीनंतरची वेळ फोनवर ठरवून घ्या. मुलांचे किंवा आजी-आजोबांचे गोधडीसह फोटो मागू नका. हवाच असेल तर निघण्यापूर्वी आपल्या घरी, दोरीवर वाळत घातलेल्या गोधडीचा काढून ठेवा.