बॉलिंग बॉलला भोकं पाडण्याआधी

संभाजीनगर-नांदेडहून मुंबई-पुण्याला बॉल ड्रिल करून घ्यायला निघालात, तर आधी स्वतःचा अक्षबिंदू शोधून ठेवा. हातातून सुटल्यावर बॉल सुरुवातीला ज्या बिंदूभोवती फिरतो, तो हा. तुमच्या मापाच्या जुन्या बॉलवर अंदाजाने पांढऱ्या टेपचा तुकडा चिकटवा आणि व्हिडिओ काढा. तुकडा डगमगत फिरला तर थोडा सरकवा. एका जागी स्थिर फिरला की बिंदू सापडला.

पिन, म्हणजे आतल्या गाभ्याचं टोक दाखवणारा बॉलवरचा रंगीत ठिपका, त्यापासून सुमारे ३.४ इंचांवर आली तर फ्लेअर, म्हणजे दर फेरीला बॉलचा लेनला टेकणारा पट्टा सरकणं, सर्वाधिक मिळतो. दर फेरीला कोरडा पृष्ठभाग लेनला लागतो, हुक, म्हणजे बॉलचं वळण, वाढतं. पिन थेट बिंदूवर किंवा ६.७५ इंचांवर गेली, तर फ्लेअर जवळपास मिळत नाही.

बॅलन्स होल, म्हणजे बोटांसाठी नसलेलं जादा भोक, पाडून वजन सावरायची सोय आता नाही. यूएसबीसी या अमेरिकेतल्या बॉलिंगच्या नियामक संस्थेने ऑगस्ट २०२० पासून ती बंद केली. १० पौंडांवरच्या बॉलला बाजूच्या वजनाचा फरक ३ औंसांपर्यंत चालतो. औंसांपेक्षा अंगठ्याच्या मापाकडे जास्त लक्ष द्या. भोक सैल असेल तर बॉल आवळून धरावा लागतो, अंगठा उशिरा सुटतो आणि भोकांची उत्तम मांडणीही वाया जाते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात अंगठा फुगतो, म्हणून भोक किंचित मोठं ठेवून आत टेप लावा. मे महिन्यात बॉल गाडीच्या डिकीत मात्र ठेवू नका, तडकतो.