फोनचं एक्स्चेंज व्हर्च्युअल मशीनवर नेताना

कोल्हापुरातल्या एका साठ खाटांच्या हॉस्पिटलचे फोन मी सांभाळतो. जिन्याखालच्या खोलीत एका जुन्या डेस्कटॉपवर फ्रीपीबीएक्स, म्हणजे फोन एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर, चालायचं. एका पावसाळ्यात त्याचा पॉवर सप्लाय गेला आणि कॅज्युअल्टीचा फोन चार तास मुका झाला. मग सगळं उचलून प्रॉक्समॉक्सवर, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, नेलं.

ताकद फार लागत नाही. पन्नास एक्स्टेन्शन, एका वेळी वीसेक कॉल असतील तर 2 कोर, 4 जीबी रॅम पुष्कळ झाली. जी.711 कोडेकवरचा (कोडेक म्हणजे आवाज डिजिटल करायची पद्धत) एक कॉल इथरनेटवर प्रत्येक दिशेला साधारण 87 किलोबिट खातो. वीस कॉल म्हणजे पावणेदोन मेगाबिट. पण या मशीनला ताटकळत ठेवलेलं चालत नाही. आवाजाचं पॅकेट दर 20 मिलिसेकंदांनी निघायलाच हवं. प्रोसेसर शेजारच्या मशीननं अडवला, तर बिलिंगचं पान जरा उशिरा उघडतं, कुणाचं काही बिघडत नाही. इथे मात्र पलीकडून लगेच "हॅलो, आवाज तुटतोय" सुरू होतं. म्हणून सीपीयू युनिट्सचा (प्रोसेसरवरच्या हक्काचा) आकडा शेजाऱ्यांच्या दुप्पट ठेवा, मेमरी बलूनिंग (गरजेप्रमाणे व्हीएमची रॅम काढून घेणं) बंद करा, नेटवर्क कार्ड व्हर्टआयओ (व्हीएमसाठीच बनवलेलं) घ्या. आत 'टॉप' ही कमांड लावून 'एसटी'चा, म्हणजे प्रोसेसरची वाट बघण्यात गेलेल्या वेळेचा, रकाना बघत राहा. तो शून्याच्या आसपास नसेल, तर एकाच सर्व्हरवर तुम्ही फार बिऱ्हाडं ठेवलीत.

पीआरआय लाइन (एकाच जोडणीवर अनेक कॉल नेणारी फोन कंपनीची डिजिटल लाइन) असेल तर तिचं कार्ड पासथ्रूनं, म्हणजे थेट, व्हीएमला देता येतं, पण मग व्हीएम त्याच डब्याला जखडतं. दुसऱ्या सर्व्हरवर हलवायची सोयच गेली. त्यापेक्षा वेगळा गेटवे घ्या. तो पीआरआयचे 30 चॅनेल एसआयपीमध्ये (नेटवर्कवरून कॉल जोडायच्या पद्धतीत) बदलून देतो.

जुन्या मशीनचाच आयपी नव्याला द्या, म्हणजे वॉर्डावॉर्डांत फिरून फोन बदलावे लागत नाहीत. दोन्ही एकदम चालू मात्र ठेवू नका. बाहेरच्या ट्रंकवर (फोन कंपनीशी असलेल्या जोडणीवर) आवाज एकाच बाजूनं येत असेल तर फ्रीपीबीएक्समधला बाहेरचा पत्ता आणि लोकल नेटवर्क तपासा आणि राउटरमधलं एसआयपी एएलजी (कॉलच्या पॅकेटांत फेरफार करणारी सोय) बंद करा. माझी एक अख्खी दुपार त्या एका टिकमार्कनं खाल्ली.

आता बॅकअप. रात्री 2 वाजता कॉल अडखळतात, अशी नाइट ड्यूटीच्या सिस्टरांची तक्रार. मी आठवडाभर लाइनलाच दोष देत होतो. खरं कारण आमचाच बॅकअप: तो ज्या एनएएसवर (नेटवर्कवरच्या स्टोरेजवर) जायचा ते संथ, आणि तो चालू असेपर्यंत व्हीएमचं डिस्कवरचं लिखाण रखडायचं. बॅकअपला वेगमर्यादा घातली. रेकॉर्डिंग वेगळ्या व्हर्च्युअल डिस्कवर नेऊन त्या डिस्कची बॅकअपची खूण काढली. त्या फाइल्स आता वेगळ्या कॉपी होतात.

अपग्रेडआधी स्नॅपशॉट (व्हीएमच्या त्या क्षणाच्या स्थितीची नोंद) घ्याच, पण रॅम वगळून. रॅमसकट घेतला तर चालू कॉलना झटका बसतो. आणि रोलबॅक केलात, म्हणजे त्या स्थितीत परतलात, तर मधल्या वेळेतले व्हॉइसमेल, कॉलच्या नोंदी गेल्या म्हणून समजा, त्यामुळे निकाल त्याच रात्री लावा.

वीज जाऊन आली की हे व्हीएम सगळ्यांत आधी उठावं असा क्रम लावा, आणि फोनना वीज देणारा पीओई स्विचही यूपीएसवर घ्या.

शेवटी बॅकअप चालू असताना वॉर्डातल्या फोनवरून *43 फिरवा. स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो. दोन मिनिटं बोलत राहा, मी पाढे म्हणतो.