मावळत्या अध्यक्षावरून त्याच्या पक्षाच्या उमेदवाराचा अंदाज कसा बांधावा

अमेरिकेत मावळता अध्यक्ष रिंगणात नसला तरी त्याच्यावरचा राग मतपेटीत उतरतोच. किती, हे अजमावायचं तर आधी आकडा नीट निवडा. ‘अध्यक्षांचं काम पसंत आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर घ्या. ‘माणूस कसा वाटतो?’ हा प्रश्न वेगळा. २००० मध्ये अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या कामाला बहुमताची पसंती होती, माणूस म्हणून मात्र लोक त्यांच्यावर नाराज होते. आकडा ऑक्टोबरचा हवा, आणि चार-पाच सर्वेक्षणांची सरासरी काढलेला. नीचांक धरून बसू नका: अध्यक्ष ट्रुमन २२ टक्क्यांवर आले ते फेब्रुवारी १९५२ मध्ये, मतदान होतं नोव्हेंबरात.

आता जुन्या निकालांशी ताडून बघा. गॅलप या सर्वेक्षण संस्थेची मोजणी सुरू झाल्यापासून अध्यक्ष स्वतः रिंगणात नसलेल्या निवडणुका आठच झाल्या. १९५२, १९६८, २००८ आणि २०२४ मध्ये अध्यक्षांची पसंती ४५ टक्क्यांच्या खाली होती आणि चारही वेळा पक्ष हरला. उरलेल्या चार वेळा ती पन्नाशीच्या वर होती, तरी जिंकले एकटे थोरले बुश, १९८८ मध्ये. म्हणजे नावडतेपण वारशात हमखास येतं, लोकप्रियता येईलच असं नाही. मात्र हरलेल्यांपैकी गोर (२०००) आणि हिलरी क्लिंटन (२०१६) यांना देशभरात मतं जास्तच मिळाली होती. गोर यांच्या हातून फ्लोरिडा ५३७ मतांनी गेलं. म्हणून हा अंदाज एकूण मतांपुरताच ठेवा, राज्यवार मिळणाऱ्या आणि अध्यक्ष ठरवणाऱ्या इलेक्टोरल मतांना लावू नका.

पसंती कमी असेल तर उमेदवाराने अध्यक्षांपासून फारकत कधी घेतली, ती तारीख शोधा. अध्यक्ष जॉन्सन यांचे उपाध्यक्ष आणि उमेदवार हम्फ्री यांनी व्हिएतनाम युद्धावर वेगळा सूर लावला तो ३० सप्टेंबर १९६८ ला. त्यानंतर अंतर भराभर घटलं, तरी एका टक्क्याहून कमी फरकाने ते हरलेच. बायडेन यांच्या उपाध्यक्ष आणि उमेदवार हॅरिस यांना ८ ऑक्टोबर २०२४ ला टीव्हीवर विचारलं, बायडेन यांच्यापेक्षा वेगळं काय केलं असतं? त्यांना काही सुचलं नाही. उपाध्यक्षाची कोंडी अशीच असते: वेगळं बोलावं तर ‘मग चार वर्षं गप्प का?’ २००८ चे उमेदवार मॅकेन तर सरकारातही नव्हते, पण धाकटे बुश २५ टक्क्यांवर असताना ‘मी बुश नाही’ हे सांगूनही भागलं नाही.

पसंती ४५ ते ५० च्या मध्ये असेल तर ताडून बघायला जुनं उदाहरणच नाही. तिथे हा आकडा सोडा आणि अटीतटीच्या राज्यांची सर्वेक्षणं बघा.