थर भिंतीला टेकलेला की भिंतीने कापलेला?

मंदिराच्या उत्खननात गर्भगृहाच्या मागच्या भिंतीपाशी माझी नोंद अडली. थर ४ मी ‘भिंतीला टेकलेला’ असा लिहिला होता, म्हणजे तो भिंतीनंतरचा. पण त्यातली खापरं भिंतीच्या बांधणीपेक्षा बरीच जुनी निघत होती. दोन दिवस मी खापरांवरच शंका घेत राहिलो.

शेवटी छेदच, म्हणजे खड्ड्याची थर दाखवणारी उभी बाजू, पुन्हा साफ केला. थापीने वरून खाली खरवडला, पाण्याचा बारीक फवारा मारला, वर कापड धरून सावली केली. ओल्या मातीत रंगांचा फरक लगेच उठतो; वाळली की सगळं एकसारखं करडं. आणि दिसलं! भिंत आणि थर यांच्यामध्ये जेमतेम चार बोटं रुंदीची भुसभुशीत उभी पट्टी, तिच्यात दगड घडवताना उडालेल्या कपच्या. हा पायाचा चर होता. थर आधीचा, तो कापून भिंत उभी केलेली.

मग चराचा काप, म्हणजे चर खणताना थर जिथे कापला गेला ती कड, आणि चरातली भर यांना वेगवेगळे क्रमांक दिले आणि छेद १:१० मापात नव्याने काढला. पुरातत्त्वज्ञ एडवर्ड हॅरिस यांनी १९७३ मध्ये तयार केलेल्या थरक्रमाच्या तक्त्यात कापालाही स्वतःची चौकट मिळते. मी नेमकी तीच गाळली होती. जुनी नोंद खोडली नाही, बाजूला तारीख घालून दुरुस्ती लिहिली. चरातली खापरं आता वेगळ्या पिशवीत आहेत. भर नंतर विस्कटलेली नसेल, तर भिंत त्यांतल्या सर्वांत नव्या खापरापेक्षा जुनी असू शकत नाही.