कामावर जातिवाचक अपमान झाला तर

कामाच्या ठिकाणी जातीवरून अपमान झाल्यास त्याच दिवशी तारीख, वेळ, जागा आणि उच्चारलेले नेमके शब्द लिहून ठेवावेत. हे शब्द कितीही ओंगळ असले तरी सौम्य करू नयेत. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, 1989 नुसार असा अपमान लोकांच्या दृष्टीस पडेल अशा जागी झालेला असावा लागतो. म्हणून बंद केबिनमधील एकट्यादुकट्या बोलण्यापेक्षा सहकाऱ्यांसमोरची घटना सिद्ध करणे सोपे जाते आणि साक्षीदारांची नावे फार मोलाची ठरतात.

2018 च्या दुरुस्तीनंतर गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची अट उरलेली नाही. तपास उपअधीक्षक, म्हणजे मुंबईत सहायक पोलीस आयुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो, आणि एफआयआरची प्रत फिर्यादीस विनामूल्य मिळते.

मुंबईत ईशान्येकडील किंवा अन्य राज्यांतून आलेले अनेक कामगार आहेत, आणि ‘तुमचा जातीचा दाखला इथे चालत नाही’ हे उत्तर त्यांनी मुळीच स्वीकारू नये. या कायद्याचे संरक्षण दाखला देणाऱ्या राज्यापुरते मर्यादित नाही, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2023 मध्ये दिला आहे.