केमेरोवोला एमबीबीएसला निघालात? आधी हे गाव कुणाचं आहे ते समजून घ्या

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसची. बाबा वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या, खुल्या कोळसा खाणीत डंपर चालवायचे. दोरीवरच्या पांढऱ्या कपड्यांवर संध्याकाळपर्यंत काळी भुकटी बसायची आणि आई ती हातानं न झटकता फुंकर मारून उडवायची, कारण झटकलं की डाग पसरतो. एमबीबीएससाठी सैबेरियात केमेरोवोला पोचले, पहिला बर्फ पडला आणि आठवड्याभरात होस्टेलच्या खिडकीबाहेर तीच भुकटी दिसली. बोट फिरवलं, वास घेतला. घर सोडून इतक्या लांब आले होते, तरी त्या वासानं जरा बरं वाटलं.

दरवर्षी नव्या मुलामुलींचे तेच प्रश्न येतात, म्हणून त्यांची उत्तरं आधी देऊन टाकते. थंडी उणे तीसपर्यंत जाते, पण खोल्या गरम असतात. इथून जाड स्वेटर नेऊ नका, बूट तिथंच घ्या. घड्याळ भारताच्या दीड तास पुढे. मॉस्कोहून विमानानं चारेक तास लागतात. डाळ-तांदूळ मिळतो, कढीपत्ता मिळत नाही. आणि पैसे भरण्याआधी भारतातले नियम स्वतः वाचा: नीट पात्रता, किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, त्याच विद्यापीठात १२ महिन्यांची इंटर्नशिप, परत आल्यावर परवान्याची परीक्षा आणि पुन्हा वर्षभराची इंटर्नशिप. एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. मला एकानं सांगितलं होतं, "सगळं इंग्रजीतच असतं, रशियन शिकायची गरज नाही." वर्गात इंग्रजी होतं, ते खरं. पण वॉर्डातला पेशंट इंग्रजी बोलत नाही.

आणि तो पेशंट बहुतेक वेळा खाणकामगार असतो, किंवा खाणकामगाराचा मुलगा, बायको, आई. मला खरं सांगायचंय ते इथून पुढे.

केमेरोवो ही कुझबासची, म्हणजे कुझनेत्स्क कोळसा खोऱ्याची राजधानी. रशियाच्या एकूण कोळशापैकी जवळपास निम्मा या एका प्रदेशातून निघतो. १७२१ मध्ये मिखाइलो वोल्कोव नावाच्या माणसाला तोम नदीच्या उजव्या काठावर कोळशाचा थर सापडला. 'जळका डोंगर' म्हणतात त्या जागेला. २०२१ मध्ये कुझबासनं त्याची तीनशे वर्षं साजरी केली. पण सापडला म्हणून लगेच कुणी खणायला धावलं नाही. सैबेरियाच्या मधोमध तो कोळसा विकणार कुणाला? रेल्वे आली तेव्हा गिऱ्हाईक आलं. इथल्या बऱ्याचशा कोळशापासून कोक होतो, म्हणजे त्यावर पोलाद बनवता येतं. आपल्या वर्धा खोऱ्यातला कोळसा मुख्यतः वीजकेंद्रात जळतो. हा फरक मी बाबांना फोनवर सांगितला, तर त्यांचा पहिला प्रश्न: "सीम किती जाडीची?" सीम म्हणजे कोळशाचा थर. मला सांगता आलं नाही, म्हणून पुढच्या रविवारी क्रास्नाया गोर्काला गेले.

तुम्हीही पहिल्याच महिन्यात जा. क्रास्नाया गोर्का म्हणजे नदीपलीकडची टेकडी. शहराची जुनी खाण इथेच होती, आता संग्रहालय आहे. विद्यापीठ, बाजार, सरकारी इमारती सगळं डाव्या काठावर, त्यामुळे आपली बरीच मुलं सहा वर्षांत एकदाही पूल ओलांडत नाहीत. या टेकडीवर १९२० च्या दशकात एक विलक्षण प्रयोग झाला. १९२१ मध्ये सेबाल्ड रुत्गर्स या डच इंजिनिअरनं लेनिनच्या सरकारशी करार केला आणि अमेरिका, हॉलंड आणि इतर अनेक देशांतले शेकडो कामगार, इंजिनिअर बायकापोरांसह इथं राहायला आले. 'स्वायत्त औद्योगिक वसाहत कुझबास' हे तिचं नाव. क्रांतीआधी अर्धवट राहिलेला कोक कारखाना त्यांनी १९२४ मध्ये सुरू केला. खाण उजव्या काठावर आणि कारखाना डाव्या, म्हणून कोळसा नदीवरून दोरमार्गाच्या पाळण्यांतून जायचा. योहानेस व्हान लोखेम या डच वास्तुविशारदानं कामगारांसाठी लांबच लांब घरांच्या रांगा बांधल्या. लोक त्यांना अजून 'सॉसेज-घरं' म्हणतात. वसाहत १९२६ मध्ये गुंडाळली गेली. जे परदेशी मागे राहिले त्यांच्यातल्या कित्येकांना स्टालिनच्या १९३७-३८ च्या धरपकडीत उचललं गेलं. आपल्या हातानं कारखाना उभा करायला आलेली माणसं ती. संग्रहालयात त्यांचे कुटुंबासकट काढलेले फोटो पाहताना मला फार जड गेलं.

गावाला १९१८ मध्ये शहराचा दर्जा मिळाला तेव्हा नाव होतं श्चेग्लोव्स्क. १९३२ मध्ये ते केमेरोवो झालं. त्याच काळात उरल पर्वतातलं लोहखनिज इकडे आणि इकडचा कोळसा उरलला, दोन हजार किलोमीटरच्या वर, अशा मालगाड्या धावायला लागल्या. १९४१ मध्ये जर्मनांनी दोनबास हे युक्रेनकडचं कोळसा खोरं घेतलं आणि देशाचा मोठा भार कुझबासवर आला. पश्चिमेकडचे कारखाने उचलून इथं आणले गेले आणि युद्ध चालू असतानाच, जानेवारी १९४३ मध्ये, केमेरोवो हा वेगळा प्रांत केला गेला. पुरुष आघाडीवर होते, तेव्हा बायका खाणीत उतरल्या. "माझी आजी खाणीत होती" हे वाक्य वॉर्डात मी इतक्या जणींकडून ऐकलंय की त्याचं आश्चर्य वाटेनासं झालं.

आता वॉर्डाकडे येते. तिसऱ्या वर्षाला होते. सत्तरीच्या एका आजोबांची तपासणी करायची होती. त्यांच्या हातांवर, कपाळावर, डाव्या भुवईच्या वर निळसर काळे ठिपके होते, कुणी शाईच्या पेनानं टोचल्यासारखे. मला वाटलं काहीतरी लागलंय. स्पिरिटचा बोळा घेऊन मी घासायला लागले. त्यांनी शांतपणे माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "निघणार नाही, दोच्का. कोळसा आहे तो." दोच्का म्हणजे पोरी. छताचे दगड अंगावर आले होते, जखमा झाल्या, त्यांत भुकटी गेली आणि वर कातडी भरून आली. मी घुग्घुसची, कोळशात वाढलेली, पण हे कधी पाहिलं नव्हतं, कारण आमच्याकडे बहुतेक खाणी खुल्या. भूमिगत खाणीची खूण वेगळी असते.

केस सांगायला उभी राहिले. खोकला किती दिवस, बेडका कसा, विडी-सिगारेट, घरात टीबी, सगळं विचारलं होतं. मॅडमनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "पोद्झेम्नी स्ताझ?" जमिनीखाली किती वर्षं? ते मी विचारलंच नव्हतं. आजोबांची सव्वीस वर्षं होती.

हे दोन शब्द विमानात बसण्याआधी पाठ करा. जमिनीखालच्या वर्षांवर तिथं लवकर पेन्शन मिळते, म्हणून प्रत्येक खाणकामगाराला आपला आकडा तोंडपाठ असतो आणि तो अभिमानानं सांगतो. मग विचारायचं: 'शाख्ता' की 'राझ्रेझ', म्हणजे भूमिगत की खुली? 'झाबोय'मध्ये, म्हणजे प्रत्यक्ष कोळसा तोडतात त्या तोंडाशी होता, की वाहतुकीवर? कुठलं यंत्र हातात होतं? पाच मायक्रॉनहून बारीक धूळ थेट फुफ्फुसाच्या पिशव्यांपर्यंत पोचते आणि तिचा परिणाम दहा-पंधरा वर्षांनी दिसतो, तेव्हा माणूस कदाचित खाण सोडून गेलेला असतो. ड्रिल धरणाऱ्याची बोटं थंड पाण्यात पांढरीफटक पडतात. डंपर, बुलडोझरवाल्यांची कंबर जाते. या सगळ्याला तिथं व्यवसायजन्य आजार म्हणून स्वतंत्र शिकवतात आणि तो विषय आपली मुलं "परीक्षेत एखादाच प्रश्न येतो" म्हणून सोडून देतात. तसं करू नका, हात जोडून सांगते.

बोलताना नाव आणि वडिलांचं नाव घेऊन हाक मारायची. मराठी माणसाला हे अवघड नाही, आपलं मधलं नाव वडिलांचंच असतं. मोठ्यांना 'वी', म्हणजे अहो-जाहो. 'ती' म्हणजे अरे-तुरे, ते चुकून तोंडातून गेलं तर लगेच दुरुस्त करा. आणि एक शब्द माझा आवडता, 'तोर्मोझोक'. खाणीत नेण्याचा डबा. त्या आजोबांना मी विचारलं, डब्यात काय असायचं? ब्रेड, कांदा, डुकराची खारवलेली चरबी. तोपर्यंत एकेका शब्दात उत्तरं देणारा माणूस त्यानंतर अर्धा तास बोलला.

त्यांनीच मला साबणाची गोष्ट सांगितली. १९८९ च्या जुलैत दक्षिणेकडच्या मेझ्दुरेचेन्स्कमधल्या शेव्याकोव खाणीच्या कामगारांनी काम बंद केलं. संप सगळ्या कुझबासभर पसरला, मग दोनबास आणि उत्तरेतल्या वोर्कुतापर्यंत. मागण्यांमध्ये अन्नधान्य होतं, खाणीच्या कारभारात हक्क होता आणि साबण होता. पाळी संपवून वर आलेल्या माणसाला अंग धुवायला साबण नव्हता! आजोबा हे सांगताना तळहात एकमेकांवर घासून दाखवत होते. पुढे १९९८ मध्ये कित्येक महिने पगार थकले, तेव्हा याच प्रदेशातल्या खाणकामगारांनी सैबेरियन रेल्वेमार्गावर ठिय्या दिला. इथली माणसं कमी बोलतात, चेहरा कोरा ठेवतात, म्हणून नवी मुलं त्यांना रुक्ष समजतात. मला ती तशी कधीच वाटली नाहीत.

२५ नोव्हेंबर २०२१ ला लिस्त्व्याझ्नाया खाणीत मिथेनचा स्फोट झाला. ५१ माणसं गेली, त्यांत ५ बचाव पथकातली होती. एक बचाव कर्मचारी मेला असं धरून चालले होते, तो दुसऱ्या दिवशी जिवंत बाहेर आला. प्रांतात तीन दिवस दुखवटा होता. त्या दिवसांत बसमध्ये कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. खाणकामगारांची एक जुनी शुभेच्छा आहे: जितक्या वेळा खाली उतराल तितक्याच वेळा वर या. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी त्यांचा सण असतो, तेव्हा ती म्हणतात. आपली मुलं सहसा सप्टेंबरमध्ये पोचतात आणि पहिल्या वर्षी हा दिवस हुकतो. दुसऱ्या वर्षी सुट्टीवरून थोडं आधी या.

आणखी एक जागा. २०१८ च्या मार्चमध्ये शहरातल्या एका मॉलला आग लागून ६० जणांचा जीव गेला, त्यातली ३७ लहान मुलं. तिथं आता स्मारक-बाग आहे. तिथं सेल्फी काढू नका.

हवेबद्दल खरं सांगायचं तर हिवाळ्यात वारा पडला की धूर शहरावर बसून राहतो. 'काळ्या आभाळाचा' इशारा देतात, त्या दिवशी खिडक्या बंद ठेवा, दमा असेल तर पंप जवळ बाळगा आणि धावायला बाहेर पडू नका. ज्यांचा दमा मुळात जोरात आहे त्यांनी दुसरं शहर बघावं, असं माझं स्पष्ट मत आहे. बाकीच्यांसाठी उजव्या काठावर रुदनिच्नी बोर आहे, शहराच्या आतच पाइनचं जंगल. क्रास्नाया गोर्काहून परतताना मी तिथं जायचे.

त्याच टेकडीवर अर्न्स्ट नेइझ्वेस्त्नी या शिल्पकारानं घडवलेलं खाणकामगाराचं २००३ मधलं स्मारक आहे. कामगाराच्या छातीत हृदयाच्या जागी पेटता कोळसा. अंधार पडला की तो लाल उजळतो. नदीच्या डाव्या काठावरूनही दिसतो.

त्या वॉर्डाच्या दिवशी रात्री बाबांना फोन लावला आणि मॅडमनी शिकवल्याप्रमाणे सगळं विचारलं. कुठल्या वर्षी कुठली खाण, किती टनी डंपर, सीटला स्प्रिंग होती का, पाळी किती तासांची, कंबर पहिल्यांदा कधी दुखली. कंबर तर मी लहानपणापासून दुखतानाच पाहिली होती, आई रोज रात्री तेल गरम करायची. बाबा वर्षांमागून वर्षं सांगत गेले आणि मी वहीत लिहीत गेले. एकतीस वर्षं भरली.